सोमवारी घारापुरी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला 'एका दिवसात मुंबई' हा लेख वाचला. लेखक मुंबईत राहतात का, हे मी विचारणार नाही. राहत असतील तर जास्तच वाईट. 'गर्दी टाळायची असेल तर सोमवारी घारापुरीला जावे' असा सल्ला त्यांनी दिला आहे. सोमवारी तिथे गर्दी नसते हे कबूल, कारण लेणी सोमवारी बंद असतात! छापण्याआधी कुणीतरी एक फोन करायला हरकत नव्हती. शिवाय धक्क्यापासून लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या चढाव्या लागतात, त्याचा लेखात उल्लेखही नाही. गुडघे फक्त तुमच्याच वाचकांना नसतात की काय?

पाहण्याच्या ठिकाणांत नटांचे बंगले आहेत, एका उद्योगपतीचे घर आहे. भायखळ्याच्या राणीच्या बागेतले भाऊ दाजी लाड संग्रहालय मात्र नाही. इथे माझा संयम सुटला, कारण हाच प्रकार मी पैसे भरून अनुभवला आहे.

दिवाळीनंतर माझ्या वन्सं औशाहून आल्या होत्या. त्यांनी मुंबई अशी पाहिलीच नव्हती. जेव्हा यायच्या तेव्हा कुणाचे तरी लग्न नाहीतर कुणाचे तरी ऑपरेशन. म्हणून या वेळी हौसेने 'मुंबई दर्शन'च्या खासगी बसची तिकिटे काढली. पत्रकात छापलेले तारापोरवाला मत्स्यालय बंद आहे, हे बसमध्ये बसल्यावर कळले. गेटवेला पंधरा मिनिटे, 'फोटो काढा आणि या'. बायकांनी जायचे कुठे, असे विचारले तर 'पुढच्या हॉटेलात होईल'. ते पुढचे हॉटेल दीड तासाने आले. सीएसएमटीपाशी गाइड माइकवर म्हणाला, 'डावीकडे बघा, युनेस्कोच्या यादीतली इमारत.' आम्ही उजवीकडच्या खिडकीत. जी इमारत बांधायला दहा वर्षे लागली, ती सिग्नल सुटेपर्यंत बघून झाली. मी विचारले, भायखळ्याच्या म्युझियमला थांबणार का? तर म्हणे, 'आत सगळ्या जुन्याच वस्तू आहेत आजी, वेळ जातो.' सुक्या मेव्याच्या दुकानात मात्र वेळच वेळ. त्याच्याशी गाइडचे काय नाते होते ते सांगायला नको. नंतर वांद्रे आणि जुहूला बंद फाटकांसमोर बस हळू झाली आणि निम्मी बस उभी राहिली. वन्सं बसूनच होत्या. 'अगं, फाटक तर आमच्या आमदारालाबी हाय,' एवढेच म्हणाल्या.

म्हणून मग मीच त्यांना राणीच्या बागेत घेऊन गेले. लालबागहून बसने जेमतेम दहा मिनिटे. संग्रहालयाबाहेर दगडी हत्ती आहे, तो तुमच्या लेखकांनी एकदा जरूर पाहावा. पोर्तुगीजांनी घारापुरीला 'एलिफंटा' म्हटले ते याच हत्तीमुळे. इंग्रजांनी तो उचलून विलायतेला न्यायचा घाट घातला, तेव्हा त्याचे तुकडे झाले. ते राणीच्या बागेत आणून १९१४ साली पुन्हा जोडले. हे ऐकून वन्सं हत्तीभोवती चक्कर मारून सांधे शोधत बसल्या. मग म्हणाल्या, 'म्हंजे बेटाचं नाव तिकडं आन् हत्ती इकडं. मग लोकं तिकडं काय बघायला जात्यात?' मी त्रिमूर्तीचे सांगितले. 'मग जाऊ की, पण गुडघ्यावर इलाज झाल्यावर,' असे ठरले.

त्याच बागेत काळा घोडाही आहे, म्हणजे खरा. सातव्या एडवर्डचा तो घोड्यावरचा पुतळा १९६५ साली काळा घोडा चौकातून हलवून इथे आणला. आता चौकात उभा आहे तो २०१७ साली बसवलेला, बिनस्वाराचा. आणि आतले संग्रहालय मुंबईतले सर्वांत जुने, १८७२ सालचे. आधी व्हिक्टोरिया राणी आणि तिच्या नवऱ्याच्या नावाचे होते, १९७५ साली भाऊ दाजींचे नाव मिळाले. वेगवेगळ्या जातीजमातींच्या माणसांच्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत, त्यांच्यासमोर वन्संना ओढून काढावे लागले. पगड्या आणि लुगड्यांची नेसण बघत त्या एकेका काचेसमोर थबकत होत्या. सुक्या मेव्याच्या दुकानात याच बाई दारातल्या स्टुलावर बसून होत्या. बुधवारी मात्र बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात, एवढे तरी तुमच्या पुरवणीत येऊ द्या. लोक कात्रण काढून ठेवतात हो अशा लेखांचे, निदान आमच्या पिढीतले.

आणखी एक. गेटवेच्या फोटोखाली 'बांधकाम १९११' असे छापले आहे. १९११ साली पंचम जॉर्ज आणि मेरी राणी तिथे उतरले, पण तेव्हा ही कमान तिथे नव्हती. पायाचा दगड १९१३ साली बसला आणि कमान खुली झाली १९२४च्या डिसेंबरात. कमानीवर राजाराणीच्या आगमनाची तारीख कोरलेली आहे, ती पाहून कुणीतरी मथळा ठोकून दिला असणार. आमच्या शाळेत पाचवीच्या मुलांनी असे लिहिले असते तर मी वहीत लाल शेरा मारला असता.

पुढच्या भागात 'एका दिवसात पुणे' येणार असल्याचे वाचले. छापण्याआधी साप्ताहिक सुट्ट्या तेवढ्या तपासा, ही नम्र विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, लालबाग

ता. क. – पुरवणी नव्या रूपात आल्यापासून शब्दकोड्याचे चौकोन इतके बारीक झाले आहेत की त्यात जोडाक्षर मावत नाही. याबद्दल आधीही लिहिले होते. ते पत्र छापले नाहीत, निदान चौकोन तरी मोठे करा.