वीतभर फियाट आणि सांगलीचे पेंटर मामा

मामांना सप्रेम नमस्कार.

बाबांच्या जुन्या फियाटचं मी छोटं मॉडेल केलं, त्याच्या रंगकामाचे पैसे द्यायला आले, तेव्हा तुम्ही पाकीट परत माझ्या पर्समध्ये कोंबलंत आणि म्हणालात, "पैसं ऱ्हाऊ दे. चार लोकांस्नी सांग, हितं अजून हातानं काम हुतंय म्हणून." तेच सांगायला बसलेय. चारच लोकांना कशाला, ज्याला वाचायचं त्यानं वाचावं म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेलच.

तुम्हाला सगळं माहीत आहे, पण वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. आमच्या बाबांकडे फियाट ११०० होती, १९६७ ची 'डिलाइट', सेकंडहँड घेतलेली. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सकडून हे मॉडेल १९६४ मध्ये आलं; १९७२ मध्ये तिचं नाव 'प्रेसिडेंट' झालं आणि १९७४ पासून ती 'पद्मिनी' म्हणून सगळ्या देशाला ओळखीची झाली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढं सलग सीट. बाबा सांगलीत विश्रामबागेतल्या वालचंद कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला होते. ज्या वालचंद हिराचंदांचं नाव कॉलेजला आहे, त्यांनीच १९४४ साली प्रीमियर उभी केली, हे ते गाडीत बसणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला विश्रामबाग सोडायच्या आत सांगायचे.

गाडी कंपनीतून आली तशी त्यांनी ठेवली नव्हतीच. टपावरचा कॅरियर त्यांनी स्वतः वेल्डिंग करून बनवला होता. पुढच्या बंपरवर एकच पिवळा फॉगलॅम्प, मागच्या काचांना आईनं शिवलेले पडदे. बॉडी फिकट निळी आणि टप साईच्या रंगाचा, हेही त्यांच्याच डोक्यातून आलेलं. नरसोबाची वाडी, औदुंबर, जोतिबा, सगळं आम्ही या गाडीतून पाहिलं. २००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं आणि गाडी बुडाली. पाणी ओसरल्यावर ती भंगारातच द्यावी लागली. घरात उरलं ते डॅशबोर्डच्या कप्प्याचं पत्र्याचं झाकण आणि एक व्हीलकॅप.

बाबा गेल्यावर आईसाठी ती गाडी पुन्हा करायची असं मी ठरवलं. १:२४ च्या मापात, म्हणजे खऱ्या गाडीचे २४ सेंटिमीटर ते मॉडेलवर एक. खरी फियाट सुमारे ३.९ मीटर लांब, त्यामुळे माझी गाडी झाली साधारण १६ सेंटिमीटरची. या गाडीचा तयार संच मला मिळाला नाही. मग मिरजेतल्या एका सज्जन मालकांच्या फियाटची टेप लावून मापं घेतली, फोटो काढले आणि एक मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिक शीटमधून बॉडी कापून, चिकटवून, तासून काढली. इथवर माझं मला जमलं. रंगाचं काही कळेना. दोन-तीन ठिकाणी विचारलं, तर "खेळणं आहे ना, स्प्रेचा डबा आणून मारा की" एवढंच उत्तर मिळालं.

तुम्ही मात्र हातातलं काम बाजूला ठेवलंत. चष्मा पुसलात, बॉडी उजेडाकडे धरलीत, एक डोळा मिटून बॉनेटपासून डिकीपर्यंत नजर फिरवलीत. ट्रकच्या केबिनची बाजू बघताना तुम्ही जसे बघता, अगदी तसंच. आणि म्हणालात, "डाव्या मागच्या दाराला पोट आलंय. गाडी केवढी का असंना, पत्रा सरळ पायजे."

मामा, माझे आभार आहेत ते या वाक्याचे. बाकीचं सगळं त्यातूनच आलं.

दाराला पोट आलंय यावर माझा विश्वास बसेना, तेव्हा तुम्ही वाद घातला नाहीत. राखाडी प्रायमरवर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारलात आणि वाळल्यावर लाकडाच्या चपट्या पट्टीला ८०० नंबरचा वॉटर पेपर (पाण्यात भिजवून घासायचा पॉलिश पेपर) गुंडाळून माझ्या हातात दिलात. साबणाच्या पाण्यात बुडवून एकाच दिशेनं घासायला सांगितलंत. जिथं उंचवटा होता, तिथला काळा रंग लगेच निघून खालचा राखाडी दिसायला लागला. जिथं खोलगट होतं, तिथं काळा डाग तसाच राहिला. दाराच्या मधोमध बोटाच्या पेराएवढा राखाडी ठिपका आणि भोवती काळं कडं! बोटाला जे लागत नव्हतं ते डोळ्यांना दिसलं. मग कडेला लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, वाळवायची, पुन्हा काळा फवारा, पुन्हा पेपर. एकदा पूर्ण दार एकसारखं राखाडी झालं, तेव्हा तुम्ही मान डोलावलीत आणि चहा मागवलात.

मॉडेल करणाऱ्यांनी पुढचा भाग नीट वाचावा, कारण हे मला कुणी असं समजावून सांगितलं नव्हतं. खऱ्या गाडीवर प्रायमर, रंग, वरची चमक, सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर) थर बसतो. तेवढाच थर १:२४ च्या गाडीवर बसवला, तर खऱ्या गाडीवर अडीच ते साडेतीन मिलिमीटर जाड रंग थापल्यासारखा होतो. दाराची फट खऱ्या गाडीला चार-पाच मिलिमीटर असते, मॉडेलवर ती ०.२ मिलिमीटर उरते. नेहमीसारखा रंग मारला तर ती बुजणारच. हा हिशेब मी कागदावर मांडून दाखवला, तेव्हा तुम्ही कागद बाजूला सारून म्हणालात, "म्हंजे निम्म्याहून पातळ पायजे आनि फट आधीच खोल करून घ्यायची." मी तासभर आकडेमोड करून जिथं पोचले, तिथं तुम्ही एका दमात आलात. फटी सुईनं कोरून खोल केल्या. तुमची मोठी स्प्रे गन इथं कामाची नव्हती, म्हणून माझा ०.३ मिलिमीटर नोझलचा एअरब्रश, म्हणजे पेनाएवढी छोटी स्प्रे गन, तुमच्या कॉम्प्रेसरला जोडला आणि हवा अगदी कमी केली. रंग किती पातळ करायचा, ते तुम्ही काडी बुडवून थेंब कसा तुटतो त्यावरून ठरवत होता.

त्याआधी तुम्ही एक गोष्ट केलीत, ती नवशिक्यानं कधीच विसरू नये. माझ्याकडचा उरलेला प्लॅस्टिकचा तुकडा मागून घेतलात आणि त्यावर तुमच्या नेहमीच्या थिनरचा एक थेंब टाकलात. बघता बघता तुकड्यावर जाळी पडली आणि पृष्ठभाग मऊ झाला. पत्र्याला चालतं ते प्लॅस्टिकला चालत नाही, हे तुम्ही बॉडीला हात लावायच्या आधी तपासलंत. म्हणून प्लॅस्टिकला चालणारा प्रायमर आणला आणि वरचा रंग लांबून, कोरडा-कोरडा, अनेक हलक्या हातांत चढवला, म्हणजे थिनर खाली मुरायच्या आधीच उडून जाईल.

आता शेडबद्दल. ते कप्प्याचं झाकण मी तुमच्यासमोर ठेवलं. वरून ते उन्हानं आणि पुराच्या पाण्यानं करडं पडलं होतं. तुम्ही ते उलटलंत, बिजागरीच्या मागं जिथं कधी ऊन लागलंच नाही ती जागा शोधलीत आणि कापडाला रबिंग कंपाउंड लावून अंगठ्यानं हळूहळू घासत राहिलात. नखाएवढी निळाई वर आली. माझ्या आठवणीतला निळा वेगळाच होता, जास्त गडद. बाबांची गाडी खरोखर कोणत्या रंगाची होती, ते मला त्या दिवशी कळलं. मग पांढऱ्यात निळा, त्यात चिमूटभर काळा, पुन्हा पिवळ्याचा एक ठिपका. प्रत्येक वेळी प्लॅस्टिकच्या चमच्यावर फवारा आणि तो चमचा झाकणाशेजारी धरून सावलीत बघायचा, मग उन्हात बघायचा. मी म्हणाले, मॉडेलवर अस्सल शेड मारली तर ती डोळ्यांना गडद वाटते, कारण एक फुटावरून बघणं म्हणजे खरी गाडी २४ फुटांवरून बघणं; लांबची वस्तू थोडी फिकी दिसते. तुम्हाला पटलं नाही. मग दोन चमचे रंगवून गाडीच्या मापाच्या कागदी चित्रावर ठेवलेत, दुकानाच्या दारापर्यंत मागं गेलात, परत आलात आणि मुकाट्यानं दोन थेंब पांढरा टाकलात. ज्या माणसाचे हात जुन्या 'डुक्कर' फियाटच्या काळापासून रंगात आहेत, त्यानं माझ्यासारख्या हौशी मुलीचं म्हणणं करून बघितलं. याचं मला फार अप्रूप आहे.

पण सगळ्यात मोठं काम पोच्याचं. बॉडी तयार झाली आणि आईनं फोनवर फोटो बघून विचारलं, "मागं डाव्या बाजूचा पोचा कुठाय?" औदुंबरला गाडी मागं घेताना पाराच्या दगडाला लागून मागच्या मडगार्डला पोचा आला होता. बाबांनी तो कधीच काढून घेतला नाही. मी भीतभीतच तुम्हाला सांगितलं. जन्मभर लोकांचे पोचे काढणाऱ्या माणसाला पोचा पाडायला सांगायचं! तुम्ही बराच वेळ बोलला नाहीत. मग विचारलंत, "दगुड कसला? टोकाचा का गोल? गाडी कितीशी जोरात हुती?" मी आईला फोन लावला आणि तुम्ही दोघं पोच्याबद्दल बोलत बसलात. कुठून सुरू होतो, किती खोल, लाइटच्या किती खाली.

मी समजत होते की चमचा गरम करून दाबला की झालं. तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत. "पोचा म्हंजे नुस्ता खड्डा न्हवं. आत गेलेला पत्रा कडंला उचलतो." म्हणून गरम चमच्याच्या पाठीनं खोलगा पाडल्यावर त्याच्या वरच्या कडेला लांबीची केसाएवढी वळी ओढलीत, ओल्या बोटानं तिचा उतार काढलात आणि १५०० च्या पेपरनं ती इतकी मिसळवलीत की कुठं सुरू होते ते दिसेना. प्रकाश आडवा पडला की त्या कडेवर एक बारीक रेघ चमकते. खऱ्या गाडीवरही ती तशीच चमकायची. मी लहानपणी मागच्या दारातून उतरताना त्या कडेवर बोट फिरवायचे. हे मी तुम्हाला सांगितलेलं नव्हतं.

मग पावसानं अडवलं. हवा दमट असताना लॅकर मारला की थिनर झपाट्यानं उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर धरतो आणि रंग पांढुरका होतो. त्यासाठी उशिरा उडणारा थिनर मिळतो, तुमच्याकडे तो होताही. "एवढं केलंय, तर ऊन पडूस्तवर थांब की," म्हणालात. गाडी डब्यात बंद करून तुमच्या कपाटात वर ठेवलीत आणि ऊन पडल्यावर स्वतः फोन केलात.

बाकीचं मी घरी केलं. कॅरियरला ०.८ मिलिमीटरची पितळी तार डाग देऊन जोडली, खिडक्यांच्या चमकत्या पट्ट्यांना पातळ फॉइल, पडद्यांना आईच्या जुन्या साडीचा काठ. काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत जुना नंबरही आला. टपाचा साईचा रंग आणि खालचा निळा यांच्यामधली रेघ मात्र तुमच्या हातची आहे. टेप कधी काढायची, रंग पुरता वाळायच्या जरा आधी आणि स्वतःवरच उलटी दुमडून, हे मी तुमच्या शेजारी उभं राहून शिकले.

आईनं गाडी हातात घेतली तेव्हा आधी टप बघितला नाही की पडदे बघितले नाहीत. उलटी फिरवून पोचा बघितला. "यांनी बघितला असता तर पेंटरांना जेवायला बोलावलं असतं," म्हणाली.

तर त्या जेवणाला आता मी बोलावतेय. येत्या रविवारी मामींना आणि नातीला घेऊन घरी या. आई पुरणपोळी करणार आहे आणि तिला तुम्हाला कटाची आमटी वाढायचीच आहे. आणि मामा, पुढच्या कामाचंही बोलायचंय. आईचे भाऊ एसटीत ड्रायव्हर होते, त्यांची लाल बस करायची आहे. मापं जमवायला घेतली आहेत. लाल रंग पातळ मारला की खालचं दिसतं, असं तुम्हीच एकदा म्हणाला होतात. तेव्हा प्रायमर कोणत्या रंगाचा घ्यायचा, ते येताना ठरवून या.

तुमची भाची