दिवाळीनंतर पोरं जातील

डहाणू,
नरक चतुर्दशी, दुपार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. फोनवर सांगायला घेतलं असतं तर दोन वाक्यांत उरकलं असतं, आणि कालचा दिवस दोन वाक्यांत मावणारा नाही. म्हणून कागद घेऊन बसलोय.

पाड्यावरच्या आमच्या रविवारच्या वारली चित्रवर्गाचा दिवाळी मेळावा काल झाला. सव्वीस पोरं आली. मेळावा दिवाळीतच का घेतोस, असं तू मागे विचारलं होतंस. अरे, भातकापणी आटोपली की पाड्यावरची निम्मी घरं वीटभट्टीवर निघतात. भिवंडी, वसई, जिथली उचल घेतली असेल तिथे. परततात ती थेट पावसाच्या तोंडावर. पोरंही आईबापांबरोबर जातात. त्यामुळे सगळी एकत्र भेटायचा वर्षातला हा शेवटचा दिवस.

पहिल्या वर्षी मी डहाणूहून केक आणि फुगे नेले होते. पोरांनी खाल्लं, पण पाहुण्यासारखी भिंतीला टेकून उभी राहिली. यंदा आधीच आज्यांकडे गेलो आणि तुम्हीच सांगा म्हटलं. परवा वाघबारस झाली, वाघदेवाचं पूजन झालं, त्यामुळे घराघरांत सणाचं शिजत होतंच. काकडी किसून तांदळाच्या पिठात कालवलेली, पानात गुंडाळून उकडलेली. उकडलेले करांदे, म्हणजे कंद, आणि चवळी. पान सोडवलं की जो वास सुटतो ना, तो घ्यायला तू एकदा यायलाच हवंस.

सकाळी शेडची मागची भिंत शेणानं सारवून गेरू फासला. तांदूळ रात्रीच भिजत घातले होते, ते मुलींनी पाट्यावर वाटले, थोडा डिंक घातला. बहारीच्या काड्या दातांनी चावून टोकं मऊ केली. एका आजीनं लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं चौकोनी लग्नचित्र, कसा मांडतात ते दाखवलं, पण त्याच्या आतली पालघट देवी काही काढली नाही. ती लग्नातच, सुवासिनींनी काढायची, असं म्हणाली. मला ते फार बरं वाटलं. हल्ली पिशव्यांवर, कपांवर वारली चित्रं सर्रास दिसतात. काय केव्हा काढायचं नाही हेही पोरांना कळायला हवं.

वारली चित्रकार जिव्या सोमा मशे आमच्याच तालुक्यातल्या गंजाडचे. लहानपणी आई गेली आणि त्यांचं बोलणंच थांबलं, धुळीत चित्रं काढून ते सांगायचे. त्याच माणसाला 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. 2018 मध्ये ते गेले. हे मी पोरांना सांगत होतो तेव्हा एक मुलगी टक लावून ऐकत होती. चौथीत आहे. वर्गात जेमतेम चार शब्द बोलते.

भिंतीचा खालचा कोपरा तिनं धरला. तांदळाचा रंग ओला असताना नीट दिसत नाही, हे तुला ठाऊक नसेल. ती काडी फिरवत होती आणि मला गेरूवर नुसती ओल दिसत होती. मग ऊन आलं, भिंत वाळत गेली आणि एकेक रेघ पांढरी होत वर आली. आधी चौकोन, चौकोनांवर चौकोन, रांगाच्या रांगा. विटा होत्या त्या. मग दोन त्रिकोण टोकाला टोक लावलेले, म्हणजे बाई. डोक्यावर विटांची चळत. तिच्या मागे तशीच एक छोटी, डोक्यावर दोनच विटा. बाकीच्यांनी तारपा, मोर, माडावर चढणारा माणूस काढला होता. मी तिला काहीही विचारलं नाही. विचारायचं काय होतं?

संध्याकाळी एका बाबांनी तारपा आणला. वाळवलेला दुधी, बांबू, ताडाचं पान, एवढ्यावर ते वाद्य उभं राहतं, पण सूर पार ओढ्यापलीकडे जातो. पोरं कमरेला हात घालून रांगेनं त्यांच्याभोवती वेटोळं घालत नाचली. तारप्याकडे पाठ करायची नाही, हे सगळ्यात धाकट्यालाही पाठ. ती मुलगी रांगेच्या शेपटाला होती, आणि गात होती. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

आता कामाचं. तिची माणसं यंदा वसईच्या बाजूला जाणार आहेत, तुझ्या घरापासून फार लांब नसावं. मुकादमाकडून भट्टीचा ठावठिकाणा घेऊन कळवतो. बहारीच्या काड्यांची जुडी आणि गेरूची पुडी मी तिच्याबरोबर दिली आहे, पण कागद भट्टीवर टिकणार नाही. महिन्यातून एखादा रविवार काढ. जाडसर तपकिरी कागद आणि पांढऱ्या रंगाची बाटली घेऊन जा. शिकवायचं काही नाही. ती काढेल तोवर शेजारी बस, आणि कागद वाळेपर्यंत उठू नकोस.

वहिनींना नमस्कार. उत्तर लवकर पाठव, देवदिवाळीच्या आत ते निघतील.

तुझाच,
जुना खोलीमित्र