त्या ‘च’बद्दल

१७ मे

प्रिय शुभा,

तुझा मेसेज नाईटला जाताना बसमध्ये वाचला. “मस्कतला अठरा वर्षं काढली, घर झालं, पोरांची शिक्षणं झाली, पण मी शेवटी नर्सच.” त्या ‘च’वर अडकले. आज ऑफ आहे, म्हणून कागद घेऊन बसलेय.

मला तो ‘च’ काही नवा नाही गं. परवा स्वमूल्यमापनाचा फॉर्म आला. नाव, हुद्दा अधिपरिचारिका, सेवा एकवीस वर्षं, इथवर पेन पळालं. पुढे रकाना, ‘वर्षभरातील उल्लेखनीय कामगिरी’. अर्धा तास नुसती बसून. शेवटी लिहिलं, ‘नेमून दिलेली कामे वेळेत पार पाडली.’ क्लार्क म्हणाले, “सिस्टर, सगळ्या हेच लिहितात.”

घरी आल्यावर मार्चमधली एक रात्र डोक्यातून जाईना. नॉर्मल डिलिव्हरीची पोरगी, लेबर रूममधून वॉर्डात येऊन तास झालेला. बीपी ठीक, पण नाडी ११८ आणि चेहरा पांढरा. “सिस्टर, कसंतरीच होतंय.” पॅड बघितलं तर रक्ताने थबथबलेलं. पोटावर हात ठेवला, तर घट्ट व्हायला हवं ते गर्भाशय सैल मळलेल्या कणकेसारखं. बीपी पडायची वाट बघितली असती तर उशीर झाला असता. मावशींना डॉक्टरांकडे पळवलं, एका हाताने पोट चोळत राहिले, दुसऱ्या हाताने सलाईन मोकळं सोडलं. डॉक्टर आले, इंजेक्शनं झाली, पोरगी तिसऱ्या दिवशी बाळ घेऊन घरी गेली. आणि पहाटे मी केसपेपरवर काय लिहिलं? ‘चक्कर येत असल्याची तक्रार. डॉक्टरांना कळवले. आदेशानुसार औषधे दिली.’

यात मी कुठे आहे? ‘लिहिलं नाही ते केलं नाही’ हे ट्यूटरनी आपल्याकडून घोकून घेतलं होतं, आठवतं ना? पण लिहायचं ते कळवलं, दिलं, पाठवलं एवढंच. नाडी बघून मला शंका आली, हे लिहायला कुणी शिकवलंच नाही. वर्षानुवर्षं स्वतःच्या हाताने स्वतःला खोडत आलो, मग रकाना भरताना सापडणार काय?

मनाची समजूत घातली की झालं, असं मी म्हणत नाही. चाळीस खाटांना रात्री दोघी, बढत्या अडकलेल्या, हे खरंच आहे. आणि नर्सेस डेला गुलाब देऊन ‘देवदूत’ म्हटलं की संपलं. देवदूताला नाईट ऑफ कशाला हवा! पण आपल्या बॅचची एक परिसेविका, म्हणजे वॉर्डची इनचार्ज, झाली, तेव्हा पेढा देताना काय म्हणाली माहितीये? “सुटले बाई, आता पेशंटला हात लावायला नको.” रजिस्टरं, इंडेंट आणि ड्युटी लिस्ट म्हणजे यश, पेशंटपासून जितकं लांब तितकं मोठं. तुझा ‘च’ मला त्याच घरातला वाटतो.

उद्या १८ मे. २०१५ साली याच दिवशी मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये अरुणा शानबाग गेल्या. त्याही तिथल्याच नर्स, हॉस्पिटलमध्येच झालेल्या हल्ल्यानंतर कायमच्या अंथरुणाला खिळलेल्या. १९७३ पासून तिथल्या सिस्टरांनी त्यांना सांभाळलं. जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या, पण पडून राहिल्याने होणारा बेडसोर होऊ दिला नाही. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अरुणांच्या वतीने बोलायचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. बेचाळीस वर्षं कूस बदलत राहणं! त्या सिस्टरांनी आपापल्या फॉर्ममध्ये काय लिहिलं असेल? मला वाटतं, ‘नेमून दिलेली कामे’.

काल फॉर्म परत मागून घेतला आणि ती रात्र लिहिली. नाडी ११८ सकट, ‘मी ओळखले’ असं लिहून. क्लार्क म्हणाले, “रकान्यात एवढं मावत नाही.” म्हटलं, पुरवणी जोडा. त्यांनी टाचणी शोधली खरी, पण चेहरा बघण्यासारखा होता.

आता तुझं सांग. अठरा वर्षांत तुझ्या हाताला आधी काय काय कळलं, ते लांबलचक लिही. मेसेजमध्ये नको, कागदावर. कैऱ्या चिरायच्या पडल्यात, थांबते.

तुझी,
माया