मंत्रिमहोदय, शेवटची बस दहाची करा

मा. वाहतूकमंत्री,
गोवा राज्य

महोदय, सादर नमस्कार.

माझी मुलगी पर्वरीला एका दुकानात कामाला आहे. दुकान साडेआठला बंद होते. पहिले दोन-तीन महिने ती बसनेच जायची. म्हापशाला गाडी बदलून डिचोलीकडे यायची. गेल्या पावसाळ्यात एका रात्री मी तिठ्यावर छत्री धरून उभा, आणि शेवटची बस आलीच नाही. दहा वाजता मुलगी मैत्रिणीच्या स्कूटरवर मागे बसून, नखशिखांत भिजून आली. पुढच्या आठवड्यात आम्ही कर्ज काढून स्कूटर घेतली. प्रश्न त्या एका बसचा नाही, म्हणून ती कोणाची होती ते लिहीत नाही.

आता तिच्या पर्समध्ये बसच्या सुट्या पैशांऐवजी पेट्रोलची पावती असते. सकाळची बस सोयीची आहे, पण सकाळीही ती बसने जात नाही. रात्री परतायचे कसे, म्हणून स्कूटर सकाळीच काढावी लागते. एक रात्रीची फेरी नाही म्हणून दोन्ही वेळची तिकिटे गेली. आपल्या सरकारी बस महामंडळाच्या, म्हणजे कदंबच्या हिशेबात हा तोटा कुठल्या रकान्यात मांडतात?

मी कॉलेजात असताना १९७८-७९ चे अर्ध्या तिकिटाचे आंदोलन झाले. खासगी बसवाल्यांनी विद्यार्थ्यांना पन्नास टक्के सवलत द्यावी, एवढीच मागणी. त्या धगीनंतर १९८० मध्ये कदंब आली. तेव्हा झगडा खासगी बसशी होता. आज कदंबची खरी स्पर्धा घरासमोर लावलेल्या दुचाकीशी आहे.

गिऱ्हाईक मात्र वाढतेच आहे. २००१ च्या जनगणनेत गोव्याची निम्मी वस्ती शहरी होती, २०११ मध्ये ६२ टक्के झाली. आणि हे शहर अंगणात ओतलेल्या पाण्यासारखे उतार दिसेल तिकडे पसरते आहे. पर्वरीला इमारती, वेर्ण्याला कारखाने, मोपाला २०२३ पासून विमानतळ. पूर्वी माणूस गावातून पणजीला जायचा आणि दिवेलागणीला घरी यायचा. आपली वेळापत्रके त्या माणसासाठी आखलेली. आता मॉल, हॉटेल, कॉल सेंटर, इस्पितळ, कोणाचीच पाळी संध्याकाळी सहाला संपत नाही. वेर्ण्याच्या कंपन्या भाड्याच्या बसने कामगार नेतात-आणतात. ते काम कदंबने का मागू नये? पाळीच्या वेळा ठरलेल्या, माणसे मोजलेली, पैसे महिन्याला. याहून सुरक्षित धंदा बस कंपनीला कुठे मिळणार?

कदंबची पणजी-मडगाव शटल बघा. खिडकीवर तिकीट काढायचे, रांगेत उभे राहायचे, वाटेत थांबा नाही. तिथे ‘फुडें सर, फुडें सर’ असे ओरडत कोणी आपल्याला कोंबत नाही. (ते ओरडणे ऐकत मी तीस वर्षे नोकरी केली, म्हणून कानाला अजून सवय आहे.) लोक पैसे देतात ते वेळेच्या खात्रीचे. इलेक्ट्रिक बस आल्या, त्या थंडगार आहेत, चांगल्याच आहेत. पण आठनंतर न येणारी बस एसी असली काय आणि नसली काय.

खासगी बसमालकाची अडचणही मला कळते. त्याची कमाई भरलेल्या सीटवर. रात्री गाडी रिकामी, डिझेल मात्र तेवढेच, मग तो स्टँडवर इंजिन चालू ठेवून प्रवाशांची वाट बघतो, नाहीतर फेरीच गाळतो. ‘म्हजी बस’ योजनेत खासगी गाड्या कदंबच्या छत्राखाली घेऊन किलोमीटरमागे पैसे देण्याची कल्पना मला म्हणूनच पटते. गाडी धावली की पैसे, मग सीट भरो न भरो. या योजनेतली पहिली गाडी रात्रीच्या फेरीला लावा.

मागणी एकच. पणजी, म्हापसा, मडगाव आणि फोंडा येथून तालुक्यांकडे जाणाऱ्या निवडक मार्गांवर शेवटची बस रात्री दहाची करा, आणि निदान वर्षभर ती बंद करू नका. पहिल्या महिन्यात चारच प्रवासी चढले म्हणून फाईलवर ‘प्रतिसाद नाही’ असा शेरा पडू देऊ नका. हप्ते भरून घेतलेली स्कूटर कोणी महिन्याभरात विकत नाही. मी मुलीला विचारले, दहाची बस सुरू झाली तर जाशील का? म्हणाली, पहिले सहा महिने बघीन.

आपला,
डिचोली तालुक्यातील एक प्रवासी