रिवाइंडिंगवाल्या काकांना, होडीवाल्यांकडून

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

प्लायवूड-फायबरच्या घरगुती होड्यांवर १२ व्होल्टची ट्रोलिंग मोटर (होडी ढकलणारी छोटी विजेची मोटर) चालवणाऱ्या आम्हा सर्वांतर्फे तुमचे जाहीर आभार. दुकानात गिऱ्हाईक ताटकळत असतानाही तुम्ही एकेक जोड तपासून कारण समजावलंत.

मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरमधला मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) उडाला की जो तो जास्त अँपिअरचा शोधायला लागतो. तुम्ही आधी बॅटरीची वायर मोजलीत. वजन सावरायला बॅटरी पुढे नाळेत आणि कंट्रोलर मागे मोटरपाशी, ही मांडणीच मुळात घातक. पीडब्ल्यूएममध्ये, म्हणजे करंट झटपट चालू-बंद करून वेग ठरवण्याच्या पद्धतीत, सेकंदाला शेकडो-हजारो वेळा करंट तुटतो. दर वेळी त्या तीन मीटर वायरीत व्होल्टेज उसळतं आणि ५५ व्होल्टपर्यंतच सोसणारा आयआरएफ ३२०५ मॉस्फेट शेवटी मान टाकतो. म्हणून कंट्रोलर बॅटरीशेजारी, लांबी मोटरच्या बाजूला. तिकडचा झटका फ्रीव्हीलिंग डायोड (मोटरच्या करंटला फिरायला वाट देणारा) पचवतो. तो ६० अँपिअरचा शॉटकी जातीचा, आणि हीटसिंकवरच, कारण मॉस्फेट बंद असताना मोटरचा सगळा करंट त्याच्यातून फिरतो. शिवाय सप्लायच्या टर्मिनललगत २२०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचे दोन लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेले) कपॅसिटर.

५० अँपिअरच्या मोटरला वायर १६ चौरस मिलिमीटरची. जाऊन-येऊन सहा मीटरला ०.३ व्होल्ट पडतो. ६ चौरसची घेतली तर जवळपास ०.९. मोटरचा मूळ पाच वेगांचा स्विच कायम ५ वर, नाहीतर आतली कॉइल मध्ये येते आणि वीज उष्णतेत जाते.

सगळ्यात जास्त आभार त्या लाल मेन स्विचसाठी. मॉस्फेट जळतो तेव्हा बहुधा शॉर्ट होतो, म्हणजे मोटर थांबत नाही, पूर्ण वेगाने सुटते. वेग कमी-जास्त करायच्या व्हॉल्यूमची (फिरत्या बटणाची) ग्राउंड वायर तुटली तरी तेच. त्याचा वायपर, म्हणजे मधली वायर, सुटला तर बोर्डावरचा १०० किलो-ओहमचा रेझिस्टर वेग शून्यावर आणतो, पण या दोन बिघाडांना तो पुरत नाही. तिथे बॅटरीची प्लस लाइनच हाताने तोडता आली पाहिजे. पंख्याजवळ कुणी पोहत असेल तर बाकी कशाचाच भरवसा नाही. ६० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या प्लसला लागूनच हवा, हाही तुमचाच आग्रह. पंख्यात जाळं अडकलं की मोटर शंभरावर अँपिअर ओढू शकते.

कंट्रोलरची डबी बंद करायला व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन वापरू नका, तांबं खातो, हे तुम्ही जाता जाता सांगितलंत. तेही सगळ्यांना कळवलं आहे.

आपले,
होडी बांधणारे सगळेजण