बोगोतात जे दान सांभाळले जाते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत दक्षिण अमेरिकेचा विषय निघाला की गाडी माचू पिचू आणि रिओच्या ख्रिस्तापुढे सरकत नाही. कोलंबियाचे नाव आलेच तर अमली पदार्थांच्या बातमीत. मुलगी-जावई नोकरीनिमित्त बोगोतात असल्याने आम्हा दोघांना ही राजधानी पाहता आली, म्हणून हे पत्र.

शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,६०० मीटरवर. ला कांदेलारिया या जुन्या पेठेतला साधा चढही धाप लावतो. दुपारी ढग उतरतात म्हणून जावयाने आम्हाला सकाळीच फ्युनिक्युलरने, म्हणजे दोराने ओढल्या जाणाऱ्या डोंगरी रेल्वेने, ३,१५२ मीटरवरच्या मोन्सेराते डोंगरावर नेले. शहर पसरलेले दिसले, चर्च पाहिले, थंडीने कुडकुडलो, खाली आलो. गरम चॉकलेटमध्ये चीजचे तुकडे बुडवून खायची तिथली पद्धत मात्र माझ्या पचनी पडली नाही. सौभाग्यवतींनी दुसरा कप मागवला!

खरा दिवस संग्रहालयांत गेला. सुवर्णसंग्रहालयात मुइस्का या तिथल्या मूळ रहिवाशांनी घडवलेला सोन्याचा तराफा आहे. लांबी जेमतेम वीस सेंटीमीटर. मधोमध बसलेला प्रमुख इतरांपेक्षा मोठा, भोवती त्याची माणसे, आणि एवढ्याशा जागेत प्रत्येकाचे दागिने वेगळे ओळखू येतात. आधी मेणात घडवायचे, वर माती लिंपायची, मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओतायचा. आपल्याकडचे मूर्तिकार करतात तेच ओतकाम. अंगाला सोन्याची धूळ फासून ग्वाताविता तळ्यात उतरणाऱ्या राजाची कथा युरोपियनांनी ऐकली आणि एल दोरादो या दंतकथेतल्या सोन्याच्या राज्यामागे शेकडो माणसे मेली. हा तराफा त्याच विधीचा मानतात. तो १९६९ साली पास्का गावाजवळच्या गुहेत शेतकऱ्यांना सापडला. वितळवला गेला नाही, हेच नवल.

तिथून चालत बोतेरो संग्रहालय. फर्नांदो बोतेरो हा गुबगुबीत माणसे, गुबगुबीत घोडे, गुबगुबीत फळेसुद्धा रंगवणारा चित्रकार. त्याने २०८ कलाकृती देशाला देऊन टाकल्या. त्यातल्या १२३ स्वतःच्या. उरलेल्या ८५ पिकासो, मोने, रेन्वार, शागाल, दाली अशांच्या, त्याने जन्मभर जमवलेल्या. प्रवेश मोफत हवा, ही त्याची अट होती. कोणते चित्र कुठे लागेल हेही त्यानेच ठरवले. २००० साली संग्रहालय उघडले आणि आजही दारावर तिकीट नाही, परदेशी माणसालाही नाही. गणवेशातली पोरे जाड्या मोनालिसासमोर गाल फुगवून उभी होती. रखवालदार हसत होता, कोणी हाकलले नाही.

ही दोन्ही संग्रहालये चालवते कोलंबियाची मध्यवर्ती बँक, म्हणजे तिथली रिझर्व्ह बँकच म्हणा. मी आयुष्यभर बँकेत कलमे खरडली, पण बँक चित्रेही सांभाळते हे कधी डोक्यात आले नव्हते. मुंबईत फोर्टात रिझर्व्ह बँकेचे नाण्यांचे संग्रहालय आहे आणि ते चांगलेही आहे, तरी त्याची व्याप्ती नाण्या-नोटांपुरतीच.

पुणेकर म्हणून मला तिथे आमच्या केळकर संग्रहालयाचे दिनकर केळकर आठवत राहिले. गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी अडकित्ते, दिवे, वाद्ये, दरवाजे गावोगाव हिंडून जमवले आणि १९७५ साली सगळे राज्य सरकारच्या स्वाधीन केले. वस्तू सुमारे २०,००० आणि लोकांसमोर मांडलेल्या त्यातल्या अडीच हजारांच्या आसपास. बाकीच्यांना जागा नाही. पुण्यातच बावधनला मोठे संग्रहालय होणार, हे ऐकता ऐकता आमचे केस पांढरे झाले. बोतेरो जिवंत होता, जगप्रसिद्ध होता, त्याला अटी घालता आल्या, हे मान्य. केळकरांनी विश्वासाने दिले. पण म्हणून घेणाऱ्याची जबाबदारी कमी कशी होते?

पुरवणीसाठी एक सूचना: बोगोताचा कार्यक्रम छापलात तर सुवर्णसंग्रहालय सोमवारी आणि बोतेरो मंगळवारी बंद असते, हे चौकटीत द्या. आणि विनंती अशी की मांडणीबाहेरच्या वस्तू कुठे व कशा ठेवल्या आहेत, बावधनचे काम कुठवर आले, हे आपल्या वार्ताहराने पुरातत्त्व विभागाला एकदा लेखी विचारावे. उत्तर आले तर छापावे, नाही आले तर तेही छापावे.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
कोथरूड, पुणे