वाळत घातलेली बिलं

लालबाग, मुंबई

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "धंदा कसा चाललाय?" मी नेहमीसारखं "चाललाय" म्हणून विषय बदलला. गणपतीत घरी आले तेव्हाही तेच केलं. फोनवर रडू आलं असतं, म्हणून लिहून सांगते.

आषाढात माझी तीन ब्रँड विकायची परवानगी गेली. ऑनलाइन बाजारात बाळांचं क्रीम, शांपू, तेल विकते ना, त्यातले हे तीनच धंद्याचा कणा. सकाळी लॅपटॉप उघडला तर त्यांच्या सगळ्या लिस्टिंग, म्हणजे विक्रीची पानं, बंद. डबीचं सील उचकटल्यासारखं दिसतंय, माल खरा आहे का, अशी एका ग्राहकाची तक्रार होती. माल खरा होता, शपथेवर सांगते. पण त्या बाजारवाल्यांना शपथ नको होती, बिल हवं होतं.

बाबा, तुम्ही म्हणाल, पैसे मोजून घेतलेला माल विकायला परवानगी कसली? मलाही आधी तसंच वाटलं. १९९९ चा ट्रेड मार्क कायदा रीतसर घेतलेला अस्सल माल पुढे विकणाऱ्याला अडवत नाही, फक्त तो बदललेला किंवा खराब झालेला नसावा. पण ऑनलाइन बाजाराचे स्वतःचे नियम असतात. ज्या ब्रँडचा नकली माल फार फिरतो, त्यांना ते कुलूप लावतात. माल कुठून आणला ते दाखवा आणि मग विका. बाळाच्या अंगाला लागणारं क्रीम आहे, आपल्या घरात बाळ असतं तर आपणही हेच विचारलं असतं. त्यामुळे नियमावर माझा राग नाही. राग होता तो दर वेळी "कागदपत्रं अपुरी" एवढीच ओळ यायची त्याचा. काय अपुरं, ते कोणी सांगेना.

त्यांना गेल्या १८० दिवसांतलं, किमान १० नगांचं बिल हवं होतं आणि त्यावरचं माझं नाव-पत्ता अकाउंटवर आहे तसंच्या तसं. मी फाइल काढून बसले. अर्धा माल क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्लीतून कच्च्या बिलावर घेतलेला. चिठ्ठीवर पेनाने "क्रीम २४" आणि खाली रक्कम. ना दुकानाचं नाव, ना जीएसटी नंबर. नगामागे चार रुपये सुटायचे, म्हणून मी त्या चिठ्ठ्या घेत राहिले. उरलेली बिलं पक्की, पण त्यांवर गिरगावच्या जुन्या खोलीचा पत्ता. दोनदा अपील केलं, दोनदा फेटाळलं.

त्याच सुमारास एकजण म्हणाला, पाच हजार द्या, हवं तसं बिल करून देतो, तारीखही मागची टाकतो. खोटं कशाला सांगू, रात्रभर ते डोक्यात घोळत होतं. भाड्याची तारीख जवळ आलेली, खोलीत खोकी छताला टेकलेली. पण माल न घेता नुसतं बिल घेणं हा जीएसटी कायद्यात गुन्हा, आणि पकडलं गेलं की अकाउंट कायमचं जातं. सकाळी त्याला नाही म्हणून सांगितलं. तेव्हा डोळ्यांपुढे आपली चिपळूणची पडवी होती.

२२ जुलै २०२१ चा तो पूर. वाशिष्ठीचं पाणी ओसरलं, दुकानात गुडघाभर चिखल, साखरेची पोती नुसती रिकामी लोंबत होती. आणि बाबा, तुम्ही तारेला टोचलेली बिलं एकेक करून सोडवत होता आणि पडवीच्या दोरीवर चिमट्यांनी लावत होता. शाई फुटून कागद निळे झाले होते. मी चिडून ओरडले, "माल गेला, कागद कसले वाळवताय!" तुम्ही काही बोलला नाहीत, पुढचं बिल उचललंत. नंतर विम्याचा माणूस आला, त्याने पहिलं तेच मागितलं. त्या ओरडण्याची माफी मागायची राहून गेली होती. आज मागते, बाबा.

मग सगळं पहिल्यापासून केलं. आधी जीएसटीत पत्ता बदलून घेतला, मग तोच अकाउंटवर, खोली नंबरापासून पिनकोडपर्यंत एकसारखा. भर पावसात करी रोडहून ठाण्यापर्यंत लोकल, पुढे एसटीने भिवंडी, तिथे अधिकृत वितरकाचं गोदाम. त्यांचा १५ अंक-अक्षरांचा जीएसटी नंबर आधी पोर्टलवर टाकून पाहिला. आपल्या राज्याचा २७ ने सुरू होतो. तिन्ही ब्रँडचे मिळून ६० नग घेतले, पक्कं बिल आणि वितरक असल्याचं त्यांचं पत्र घेतलं. बिलाचा मोबाइलवर फोटो न काढता चारही कडा दिसतील असं स्कॅन केलं. पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला तेच बिल माझ्या जीएसटीच्या टू-बी मध्ये, म्हणजे विकणाऱ्यांनी भरलेली बिलं दिसतात त्या विवरणात, उमटलं, त्याचीही प्रत जोडली. अपिलात माझी चूक सरळ लिहिली: काही माल कच्च्या बिलावर घेतला होता, तो विक्रीतून काढलाय, पुन्हा घेणार नाही.

गेल्या मंगळवारी दोन ब्रँड परत मिळाले. तिसऱ्याला थेट कंपनीचं पत्र लागतं, त्यांना लिहिलंय. कच्च्या बिलाची खोकी अजून कॉटखाली आहेत, तेवढं नुकसान सोसायचं ठरवलंय.

आई, श्रावणात लाडवांच्या डब्यात तू भिशीचे १५,००० रुपये ठेवलेस आणि एका शब्दाने विचारलं नाहीस. भिवंडीचा माल त्यातूनच घेतला. ते पैसे तुझ्या गुडघ्यासाठी होते हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. दिवाळीच्या चार दिवस आधी येते, आधी डॉक्टरांकडे जाऊ, फराळाचं मग बघू. तोवर माळ्यावर चढू नकोस. भाजणीचा डबा मी आले की काढून देईन.

तुमची,
ताई